अणुविद्या परदेशी देताना

शेजाऱ्याला नांगर उसना दिला तर पेरणी झाल्यावर तो परत मागता येतो. पण नांगर घडवायचा कसा, ही विद्या एकदा शिकवली की ती काही परत मागता येत नाही. अणुशक्तीच्या व्यापारावर एवढी बंधनं का, याचं उत्तर पुष्कळसं इथंच आहे.

अणुभट्टीत युरेनियमचे अणू फुटतात, उष्णता निघते, वाफ होते आणि वाफेवर वीज तयार होते. पण त्याच वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढता येतं आणि ते बाँबलाही चालतं. दिव्याची आणि बाँबची वाट बरीच दूरवर एकच आहे.

म्हणून अमेरिकेच्या १९५४ च्या अणुशक्ती कायद्यानं तीन दारं ठेवली. पहिलं, दोन सरकारांमधला करार. दुसरं, भट्टी किंवा इंधन बाहेर पाठविण्याचा परवाना. तिसरं दार ज्ञानाचं. भट्टीचे नकाशे, हिशेब, सल्ला द्यायचा तरी ऊर्जाखात्याची संमती लागते. छापून सर्वांना खुली झालेली माहिती मात्र मोकळी आहे. वर्गात अणूची रचना शिकविण्यास कुणाची आडकाठी नाही.

आता आपल्या तारापूरचं पाहा. १९६३ साली भारत-अमेरिका करार झाला. तीस वर्षं इंधन अमेरिकेनं द्यायचं ठरलं, आणि १९६९ साली वीज सुरू झाली. पुढं १९७४ साली भारतानं पोखरणला अणुस्फोट केला. त्यातलं प्लुटोनियम कॅनडाच्या मदतीनं तुर्भ्यास उभारलेल्या भट्टीतलं होतं. पुरवठादार देश सावध झाले, त्यांनी आपला गट केला. १९७८ साली अमेरिकेनं नवा कायदा केला : घेणाऱ्या देशानं आपली सर्व अणुकेंद्रं तपासणीस खुली करावीत. भारतानं ते मानलं नाही, आणि तारापूरचं इंधन अडलं. करार मोडला, असं आपण म्हणालो. कायद्यानं हात बांधले, असं ते म्हणाले. अखेर १९८२ साली फ्रान्सनं इंधन देण्याचं कबूल केलं. पुरवठादार गटानं भारतापुरती सूट दिली ती २००८ साली, आणि त्याच वर्षी अमेरिकेशी नवा करार झाला. तरीही ज्ञानाचं दार सताड उघडलं नाही. तिथं परवानगी लागतेच.

देणाऱ्याला भीती विद्येच्या गैरवापराची, घेणाऱ्याला चिंता दिवे विझण्याची. दोन्ही खऱ्या आहेत. नियम असावेत, पण करार चालू असताना ते बदलले, तर विश्वास पुन्हा जमायला किती वर्षं लागतात, हे तारापूरनं पाहिलं आहे.