पाचर

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला पाठवलं होतं ते जुन्या जीप जमवणाऱ्या हौशी लोकांवर लिहायला. साताऱ्यात एका अंगणात चार चकचकीत जीप पाहून झाल्यावर मी सहज विचारलं, कामं कुठे करून घेता? त्यांनी मेढ्याच्या वाटेवरच्या एका पत्र्याच्या शेडचा पत्ता दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे गेले. हौशी लोकांवरचा लेख तिथेच मागे पडला.

मे संपत आला होता. जावळीच्या डोंगरात पाऊस सुरू झाला की कोयनेच्या जलाशयाकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटा चिखलाच्या होतात, ओढे आडवे येतात. त्याआधी गाडी तयार करून घ्यायची म्हणून शेडपुढे तीन जीप उभ्या होत्या. चौथी आत घोडीवर चढवलेली होती, पुढची दोन्ही चाकं काढून. तिच्याखाली पोतं अंथरून मिस्त्री आडवे झाले होते. माझे पाय दिसल्यावर आतूनच म्हणाले, "ताई, बसा. स्टूल पुसून घ्या, ग्रीस असंल."

घोडीवरची गाडी एमएम ५४० होती. आजूबाजूच्या तीन वाड्यांचं दूध तीच खाली आणते, गॅसच्या टाक्या तीच वर नेते आणि रात्री कुणी अडलं तर मेढ्याच्या दवाखान्यात तीच पोचवते. मालक पस्तिशीचा, अबोल. गेल्या वर्षी त्याने शहरात मोठी टायरं बसवून घेतली होती. टायर मडगार्डला घासू नयेत म्हणून पुढच्या पाट्यांना लांब शॅकल लावले होते, म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला टांगणाऱ्या कड्या. तेव्हापासून ताशी चाळीसच्या वर गेलं आणि चाक एखाद्या खड्ड्यात आपटलं की पुढची चाकं नाचू लागायची. स्टिअरिंग हातातून सुटेल इतकं हादरायचं आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते थांबायचं नाही. वॉबलिंग. त्याने स्टिअरिंग बॉक्स बदलला, टायरॉडची टोकं बदलली, चाकं बॅलन्स केली. गाडी नाचतच राहिली.

या गाडीचा कागदावरचा इतिहास थोडक्यात सांगते. लुधियानात १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये इथलं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. १९४९ मध्ये मुंबईच्या माझगावात विलीसची पहिली जीप जोडली गेली. महायुद्धातली विलीस १९४१ ची. तिची नात म्हणता येईल अशी सीजे-३बी १९५३ ला आली. तिच्या इंजिनाची उंची वाढल्यामुळे बॉनेटही उंच करावं लागलं. त्या उंच बॉनेटची जीप अमेरिकेत बंद झाल्यावरही आपल्याकडे बनत राहिली. १९७९ साली प्यूजोच्या एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा करार झाला. चार सिलिंडर आणि नव्वद मिलिमीटरचा बोअर, म्हणून ४.९०. क्षमता २११२ सीसी. घोडीवरच्या गाडीत तेच इंजिन होतं. त्याखालची पाटे-ॲक्सलची मांडणी मात्र जवळपास युद्धातलीच.

मला त्या दिवशी खिळवून ठेवलं ते या मांडणीतल्या एका कोपऱ्याने. पुढच्या चाकामागे एक पोकळ लोखंडी गोळा असतो. चाकाला ताकद देणारा सांधा त्या गोळ्याच्या पोटात फिरतो आणि वळताना चाक ज्या दोन खुंट्यांवर फिरतं, एक वर, एक खाली, त्या किंगपिन. गोळ्याच्या तोंडाशी नमद्याचं आणि रबराचं सील दोन अर्ध्या चकत्यांत बसवलेलं असतं. ते फाटलं की ओढ्याचं पाणी आणि जांभ्याची लाल माती आत जाते. मिस्त्रींनी गोळ्यातलं ग्रीस बोटावर घेऊन मला दाखवलं. रंग चहाचा आणि घट्टपणा ताकाचा. "हे बेअरिंगला पाजलंय वर्षभर," ते म्हणाले.

बेअरिंग नवी बसवताना किती आवळायची हे किंगपिनच्या टोपणाखालच्या शिमांवर ठरतं. शिम म्हणजे कागदापेक्षा थोडी जाड पत्र्याची चकती. एक जास्त पडली की ढिलाई, एक कमी पडली की चाक जड. मिस्त्रींकडे त्यासाठी बाजारात भाजी तोलायचा स्प्रिंगकाटा होता. सील न बसवता स्टिअरिंगच्या आर्मच्या भोकात त्याचा आकडा अडकवून ते सावकाश ओढत आणि चाकाचा भाग वळायला लागला की काटा कुठे आहे ते बघत. एक शिम काढली. पुन्हा ओढलं. पुन्हा एक घातली. डावीकडे तीन वेळा, उजवीकडे पाच वेळा. दोन्ही बाजू सारख्या ओढाव्यात याच्यासाठी माणूस इतका वेळ देतो हे पाहून मला राहवलं नाही, मी विचारलं, अंदाजाने होत नाही का? "अंदाज मला आहे ताई. पण अंदाज दोन्ही बाजूला सारखा नसतो."

किंगपिन नुसती घट्ट करून वॉबलिंग पूर्ण जात नाही, त्यामागे कोन असतो. सायकलचं पुढचं चाक हात सोडल्यावरही सरळ जातं, त्याचं एक कारण म्हणजे हँडलचा दांडा मागे कललेला असतो. दांड्याची रेघ खाली वाढवली तर ती टायर जमिनीला टेकतो त्याच्या पुढे पडते, म्हणून टायर मागून ओढला जातो आणि आपोआप सरळ होतो. जीपमध्ये किंगपिनही अशाच थोड्या मागे झुकलेल्या असतात. या गाडीच्या पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला आहे. ते लांब केलं की चॅसीच्या मानाने पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, पाट्याबरोबर ॲक्सल फिरतो आणि किंगपिनचा कल कमी होतो. सरळ राहण्याची चाकाची सवय मोडते. एका इंचाच्या उंचीसाठी मालकाने ही किंमत मोजली होती आणि त्याला कुणी ते सांगितलं नव्हतं.

यावर इलाज पाचर. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ पट्टी घालायची, मधल्या भोकातून सेंटर बोल्ट जाऊ द्यायचा, वरून यू-बोल्ट आवळायचे. ॲक्सल पुन्हा मागे झुकतो. मराठीत पाचर मारणं म्हणजे चाललेल्या कामात खोडा घालणं, इथे मात्र बिघडलेलं काम पाचरीने जागेवर येतं. बाजारात ॲल्युमिनियमच्या पाचरी मिळतात. मिस्त्री त्या वापरत नाहीत. हादऱ्यांनी त्या तडकतात, सरकतात, मग यू-बोल्ट ढिले पडतात. ते साताऱ्यातल्या लेथवाल्याकडून लोखंडी पट्टीच्या करून घेतात. पण खरी अडचण पुढेच. कल वाढवला की पुढच्या डिफरन्शियलचं तोंड, जिथे प्रोपेलर शाफ्ट जोडतो, ते खाली झुकतं आणि शाफ्टच्या क्रॉसला वेडावाकडा कोन येतो. चिखलात फोर-व्हील लावून ताकद दिली की क्रॉस तुटतो. एक दुरुस्त करायला गेलं की दुसरं मोडणार. मिस्त्रींनी मालकाला हे अर्धा तास समजावलं, दोन हातांनी पाट्याचा आकार करून, एका हाताचं बोट फिरवून. शेवटी ठरलं ते असं: मूळ लांबीचे शॅकल परत, पाटे बसलेत तेवढं भरून काढणारी बारीक पाचर आणि टायरं एक माप लहान.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. घरी केलेल्या सुधारणेबद्दल आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात, एक जुगाडाच्या कौतुकाचा आणि दुसरा नाक मुरडण्याचा. त्या शेडमध्ये तिसरं काही होतं, गाडी मुळात तशी का बनवली ते आधी समजून घेणं. जुन्या गिअरच्या पेटीत लो गिअर पुढचा ॲक्सल जोडल्याशिवाय पडत नाही, कारण अडीच पटीच्या आसपास वाढलेली ताकद एकट्या मागच्या ॲक्सलवर पडून तो मोडू नये. ती अडवणूक काढून टाकायला लोक येतात. मिस्त्री काढत नाहीत.

काही बदल मात्र ते स्वतःहून करून देतात. डिफरन्शियलच्या ब्रीदरला ते डिझेलचा पाइप जोडून बॉनेटपर्यंत वर नेतात. चालून तापलेला ॲक्सल एकदम थंड ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. वरच्या पाइपातून हवा आत आली तर पाणी येत नाही. पहिल्यांदा त्यांनी सलाईनची नळी लावली होती, ती उन्हाने कडक होऊन तडकली. एअर फिल्टरची नळी वर नेणारा पीव्हीसीचा स्नॉर्केल ते करून देतात, पण एका अटीवर. इंजिन चालू ठेवून वरच्या तोंडावर तळहात दाबायचा. इंजिन गुदमरून बंद पडलं तर जोड पक्के. चालूच राहिलं तर कुठूनतरी हवा घेतंय, म्हणजे तिथून पाणीही घेईल. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. असा वाकलेला रॉड शेडच्या खिळ्यावर टांगलेला आहे. गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आधी तो दाखवतात.

रोजची निगा याहून साधी, आणि त्यात ते जास्त कडक. सकाळी सुरू करण्याआधी खाली वाकून बघायचं, रात्रीत कुठे थेंब पडलेत. हीटर पुरेसा लाल होऊ द्यायचा. ओढ्यातून आल्यावर क्रॉसला आणि पाट्यांच्या पिनांना नवीन ग्रीस बाहेर दिसेपर्यंत गन मारायची, जुनं चिखलासकट बाहेर आलं पाहिजे. "धुवायला शंभर रुपये देतील, ग्रीसला पंधरा मिनिटं द्यायची नाहीत."

दुपारी भाकरी सोडली तेव्हा अडचणी निघाल्या आणि मग संध्याकाळपर्यंत त्याच चालल्या.

पहिली गोळ्याच्या सीलची. पुढच्या ॲक्सलचे असे सुटे भाग नवीन गाड्यांना लागत नाहीत. २०१० च्या थारमध्येच पुढचे पाटे गेले, २०२० च्या थारमध्ये मागचेही. मिळतात ती सीलं कधी कडक, कधी मापाला आखूड. बेअरिंगचे खोके खरे आणि आतला माल खोटा असंही होतं. मिस्त्री नवीन बेअरिंग कानाशी नेऊन फिरवतात.

दुसरी अडचण कायद्याची. नोंदणीपुस्तकातले तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत ते नि:संदिग्धपणे सांगितलं. रस्त्यावर भसाभसा दिवे आणि बंपर लावून फिरणाऱ्या गाड्या पाहिल्या की हा कायदा हवा असंच मला वाटतं. पण पाचर आणि ब्रीदरचा पाइप त्यात कुठे बसतात, हे मालकाला कुणी नीट सांगत नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते. तिची फी १ एप्रिल २०२२ ला सहाशेवरून पाच हजारांवर गेली. दुधाच्या पैशांवर चालणाऱ्या गाडीला ते जड जातं. तपासणीच्या भीतीने मालक सुरक्षिततेचे बदलही लपवतात, काढून ठेवतात, परत लावतात.

तिसरी अडचण मिस्त्रींनी उठून बाहेर बोट दाखवून सांगितली. उभ्या तिन्हींपैकी एक जीप पुण्याच्या गाडीप्रेमीने विकत घेतली होती, रंगवायला आली होती. गावात दीड-दोन लाखांना दिलेली गाडी शहरात चौपट किमतीला जाते. पूर्वी वडापला धावणाऱ्या, पाटे वाढवलेल्या जीप अशाच खाली उतरल्या. त्यांच्या जागी गावात आली ती मागच्या चाकांवर चालणारी पिकअप. डांबराचा रस्ता आहे तोवर ती चालते.

आणि चौथी. भाच्याला त्यांनी सहा वर्षं हाताशी धरलं. तो आता साताऱ्यात स्कॅनर लावून गाड्या तपासतो, पगार चांगला आहे. "त्याचं चूक नाही," ते दोनदा म्हणाले. स्प्रिंगकाटा कसा ओढायचा ते त्याला येत होतं. दुसरं कुणी अजून आलेलं नाही.

मी निघाले तेव्हा उजवा गोळा बंद झाला होता, डाव्याचं सील मापात बसत नव्हतं. पाचरी लेथवर होत्या. मृगाच्या दुसऱ्या दिवशी मी फोन केला. मागे पत्र्यावर पावसाचा आवाज इतका होता की त्यांना ओरडून बोलावं लागत होतं. सील कोल्हापुरातून येणार होतं, ते आलं नव्हतं. गाडी अजून घोडीवरच होती आणि मालक दूध डोक्यावरून खाली आणत होता.