अठ्ठावीस युनिटांची शर्यत

दर महिन्यास महावितरणाचें बिल घरीं येतें, तेव्हां त्यावरील ‘युनिट’ या शब्दाकडे आमच्या विद्यार्थ्यांपैकीं फारच थोड्यांचें लक्ष जात असेल. बिल पाहावें तें वडिलांनीं, असा सर्वसाधारण समज आहे! एक किलोवॅट शक्ति एक तासभर वापरली असतां जी वीज खर्च होते तिला एक युनिट म्हणतात, ही व्याख्या वरच्या इयत्तांतील मुलें घडाघडा म्हणून दाखवतील. पण अठ्ठावीस युनिटांत काय काय होऊं शकतें, असें विचारलें तर पुष्कळांची गाळण उडेल. इ. स. २०१४ सालीं मुंबईच्या एका कंपनीनें नेमक्या तितक्याच विजेवर धांवणाऱ्या मोटारी जागतिक शर्यतींत उतरवल्या. त्या मोटारींची हकीकत, आणि त्यांत विजेचा जमाखर्च कसा ठेवावा लागतो तें, येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

मोटारींची शर्यत म्हटली कीं जो अधिक वेगानें जाईल तो जिंकेल, असें आपण समजतों. परंतु टिकाव पाहणाऱ्या शर्यतीही आहेत. फ्रान्सांतील ल मां या गांवीं १९२३ सालापासून चोवीस तासांची शर्यत भरत आली आहे. तींतील अग्रभागीं धांवणाऱ्या गाड्या बाजारांत विकण्यासाठीं नव्हे, तर केवळ शर्यतीकरितांच घडवलेल्या असतात. त्यांस प्रोटोटाइप म्हणतात. चेन्नईचे करुण चंढोक हे २०१२ सालीं अशाच एका गाडीचे चालक म्हणून तेथें उतरले, आणि तीन चालकांनीं आळीपाळीनें हांकलेल्या त्या गाडीनें सहावा क्रमांक मिळवला. दोनच वर्षांनीं चंढोक महिंद्रा कंपनीच्या विजेच्या गाडींत बसले. ही नवी शर्यत चोवीस तासांची नव्हती, पुरती एक तासाचीही नव्हती. पण कसोटी होती ती टिकण्याचीच.

महिंद्रा कंपनी १९४५ सालीं स्थापन झाली. तिची मुख्य कचेरी मुंबईंत वरळीस आहे. जीपगाड्यांमुळें तिचें नांव खेडोपाडीं पोहोंचलें, तें निराळें सांगावयास नको. २०१० सालीं तिनें बंगळूरच्या रेवा या विजेची मोटार करणाऱ्या कंपनींत मोठा वाटा विकत घेतला, आणि पुढें ‘फॉर्म्युला ई’ या केवळ विजेच्या गाड्यांच्या शर्यतमालिकेंत आरंभींच्या दहा संघांपैकीं एक म्हणून प्रवेश केला. पहिल्या वर्षीं सर्व संघांस एकसारख्याच गाड्या दिलेल्या होत्या. सांगाडा इटलींतील दल्लारा कंपनीचा, बॅटरी इंग्लंडांतील विल्यम्स कंपनीची, आणि जुळणी फ्रान्सांतील स्पार्क कंपनीची. बॅटरींतून वापरावयास मिळणारी वीज होती २८ युनिट.

येथें आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांनीं कागद-पेन्सिल घ्यावी. या गाडीची अधिकांत अधिक शक्ति २०० किलोवॅट. तितकी शक्ति सतत वापरली तर २८ युनिट किती वेळ पुरतील? २८ ला २०० नें भागून ६० नें गुणलें कीं उत्तर येतें ८.४ मिनिटें. पहिल्या वर्षीं शर्यत चालूं असतां १५० किलोवॅटची मर्यादा घातलेली होती. तरीही हिशेब ११.२ मिनिटांपलीकडे जात नाहीं. शर्यत मात्र सुमारें पन्नास मिनिटांची! तेव्हां प्रत्येक चालकास दोन गाड्या देत. अर्धी शर्यत झाली कीं त्यानें आंत यावें, एका गाडींतून उडी टाकून दुसरींत बसावें, पट्टे आवळावे आणि पुन्हां निघावें. हा प्रकार पहिलीं चार वर्षें चालला, आणि पाहणाऱ्यांस त्याचें हसूंही येई. दोन गाड्या मिळूनसुद्धां एकीस पंचवीस मिनिटें टिकावयाचें होतें. अकरा मिनिटांची वीज पंचवीस मिनिटें पुरवावयाची होती. ती पुरे कशी?

पहिली गोष्ट अशी कीं, चालक सर्व वेळ पूर्ण शक्ति वापरीतच नाहीं. वळणांवर ती वापरतांच येत नाहीं. दुसरी गोष्ट वाऱ्याच्या विरोधाची. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो. म्हणजे ताशीं १०० किलोमीटरनें एक किलोमीटर जातांना हवा कापण्यास जी वीज लागते, तिच्या चौपट वीज ताशीं २०० नें तेंच अंतर कापण्यास लागेल. म्हणून सरळ रस्त्याच्या शेवटीं, जेथें वेग सर्वांत अधिक असतो, तेथें कसलेला चालक वळण येण्यापूर्वीं कांहीं अंतरावरच पाय उचलतो आणि गाडी आपोआप घरंगळूं देतो. वेळ थोडासाच जातो, वीज मात्र पुष्कळ वांचते. पाम बीच मार्गावर सिग्नलचा लाल दिवा दिसत असूनही शेवटपर्यंत गाडी दामटणारे आणि मग करकचून ब्रेक लावणारे जे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत, त्यांनीं ही युक्ति शिकून घेण्यासारखी आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत रम्य. विजेची मोटर वीज दिली असतां चाक फिरवते; उलट चाकानें मोटर फिरवली असतां तीच मोटर जनित्र होऊन वीज निर्माण करते. चाकाची गति अशा रीतीनें विजेंत खर्ची पडली कीं गाडी मंदावते. वाशी, नेरूळ, पनवेल या मार्गानें येणाऱ्या आपल्या लोकलगाड्या स्टेशन जवळ आलें असतां हेंच करतात: मंदावतांना उत्पन्न झालेली वीज त्या वरच्या तारेंत परत सोडतात, आणि ती दुसऱ्या एखाद्या गाडीच्या कामीं येते. शर्यतीच्या गाडीस वरची तार नाहीं, म्हणून ती आपली वीज आपल्याच बॅटरींत परत भरते.

१३ सप्टेंबर २०१४ रोजीं बीजिंग येथें पहिली शर्यत झाली, आणि चंढोक पांचवे आले. वर्षाखेरीस मात्र संघ आठवाच राहिला. दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक संघास स्वतःची मोटर व तिची यंत्रणा बसवण्याची मोकळीक मिळाली, आणि खरें संशोधन तेथून सुरू झालें. येथें एक गोष्ट मोकळेपणानें सांगितली पाहिजे. या गाड्यांवर नांव व रंग मुंबईचे असले तरी मोटरीच्या कामीं आरंभीं इटलीच्या मॅग्नेती मरेल्ली या कंपनीचें व पुढें जर्मनीच्या झेड-एफ या कंपनीचें साहाय्य होतें, आणि आजची कार्यशाळा इंग्लंडांत बॅनबरी येथें आहे. भांडवल व जिद्द आपली, कारागिरी बव्हंशीं परक्यांची, असें म्हटलें तर अन्याय होणार नाहीं. पण हेंही खरें कीं जो मैदानांत उतरतच नाहीं तो कारागिरी शिकत नाहीं.

१० जून २०१७ रोजीं बर्लिन येथें स्वीडनचे फेलिक्स रोझेनक्विस्ट यांनीं महिंद्राला पहिला विजय मिळवून दिला. दुसरे चालक निक हाइडफेल्ड तिसरे आले. दुसऱ्याच दिवशीं रोझेनक्विस्ट पुन्हां सर्वांच्या आधीं रेषेपार गेले, परंतु गाडी बदलून बाहेर पडतांना संघानें त्यांना धोक्याच्या वेळीं सोडलें होतें, म्हणून दहा सेकंदांचा दंड झाला आणि पहिला क्रमांक गेला. त्या हंगामांत संघ तिसरा आला.

२०१८ च्या डिसेंबरांत नव्या गाड्या आल्या. वापरावयास ५२ युनिट, आणि एकाच गाडीनें पंचेचाळीस मिनिटें व वर एक फेरी पुरी करावयाची. दुसऱ्या गाडीचा आधार संपला. १२ जानेवारी २०१९ रोजीं मराकेश येथें बेल्जमचे जेरोम द’आंब्रोझियो महिंद्राच्या गाडीनें जिंकले. पुढें धांवणाऱ्या एकाच संघाच्या दोन गाड्या परस्परांवर आदळल्या, त्याचा लाभ त्यांस झाला. पण त्या वर्षींची खरी शर्यत मेक्सिको शहरांतील, १६ फेब्रुवारीची. जर्मनीचे पास्काल वेअरलाइन महिंद्राच्या गाडींत प्रारंभापासून अग्रस्थानीं होते. मागें ब्राझीलचे लुकास दि ग्रासी सावलीसारखे लागलेले. वीज सर्वांचीच आटत आली होती. निसान संघाच्या दोन्ही गाड्या तर अखेरीस वाटेंतच निःसत्त्व झाल्या. वेअरलाइन यांनीं शेवटचें वळण घेतलें तेव्हां ते पहिलेच होते. समोर रेषा दिसत होती, आणि गाडींतील वीज संपली. अवघ्या कांहीं मीटरांवर दि ग्रासी बाजूनें निघून गेले. अंतर एक चतुर्थांश सेकंदाहून कमी! त्यांत वेअरलाइन यांनीं आपलें स्थान राखतांना एक वळण कापल्याबद्दल पांच सेकंदांचा दंड झाला, आणि ते सहावे ठरले. आमच्या मतें ही शर्यत पाठ्यपुस्तकांत घालण्याजोगी आहे. युनिट म्हणजे काय तें मुलें मग विसरणार नाहींत. (वेअरलाइन पुढें २०२४ सालीं दुसऱ्या संघाकडून जगज्जेते झाले.)

२५ जुलै २०२१ रोजीं लंडनमध्यें इंग्लंडचे अलेक्स लिन यांनीं संघास पांचवा विजय मिळवून दिला. मग २०२३ सालीं तिसऱ्या पिढीची गाडी आली. तिच्या पुढच्या चाकांनाही मोटर जोडलेली असून ती वीज परत मिळवण्याचें काम करते. मागील चाकांना नेहमीचे ब्रेकच नाहींत. शर्यतींत लागणाऱ्या विजेपैकीं ४० टक्क्यांहून अधिक वीज अशी परत मिळेल, असें योजकांनीं सांगितलें होतें. त्या वर्षाच्या ११ फेब्रुवारीस हैदराबादेंत हुसेन सागराच्या कांठीं भारतांतील पहिली फॉर्म्युला ई शर्यत झाली, आणि फ्रान्सचे झां-एरिक व्हेर्न जिंकले. घरच्या मैदानावर महिंद्राला विजय मिळाला नाहीं. चौदाच दिवसांनीं केप टाऊन येथें तर मागील सस्पेन्शनविषयीं शंका आल्यावर संघानें आपल्या दोन्ही गाड्या मागें घेतल्या. हजारों मैल दूर जाऊन न धांवतां परतणें सोपें नसतें. परंतु गाडींत माणूस बसलेला असतो, हें त्या निर्णय घेणारांनीं ओळखलें.

२०२५ च्या आरंभीं नियमांत आणखी एक भर पडली: ठराविक शर्यतींत प्रत्येक गाडीनें थांबून तीस सेकंदांत ३.८५ युनिट वीज भरून घ्यावी. ज्यांच्या घरीं मोबाइल रात्रभर भरत ठेवतात, त्यांनीं या आंकड्याशीं त्याचा मेळ घालून पाहावा. त्याच हंगामांत नायक डी व्ह्रीस व एदोआर्दो मोर्तारा हे दोघे महिंद्राचे चालक होते, आणि २०२३ मध्यें तळाजवळ गेलेला संघ चौथ्या स्थानीं आला.