घट, चक्र आणि रासभ

तर्कशास्त्राच्या अभ्यासकास घट पहिल्या दिवसापासून भेटतो. मृत्तिका हें घटाचें समवायी कारण. कुलाल, दंड व चक्र हीं निमित्त कारणें. आणि माती वाहून आणणारा रासभ मात्र ‘अन्यथासिद्ध’, म्हणजे जवळ असूनहि कारणांत न मोजावयाचा, असें नैयायिकांचें मत. गेल्या पौषांत, संक्रांत आठ दिवसांवर आली असतां, आम्ही नाशिकची दहाबारा निवृत्त शिक्षक मंडळी सहकुटुंब जोर्वे येथें व परततांना वाटेवरील एका कुंभाराच्या घरीं जाऊन आलों. रासभासंबंधीं तेथें जें कळलें तें पुढें येईलच.

संगमनेरच्या पूर्वेस प्रवरेच्या कांठीं वसलेल्या जोर्वे गांवीं डोळे दिपविणारें कांहीं नाहीं. आमच्यांतील कांहींची थोडी निराशाच झाली. परंतु पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे सांकळिया व देव यांनीं १९५०-५१ मध्यें आमच्या नाशकांतील मातीच्या गढीबरोबर येथेंहि उत्खनन केलें. तांबड्या अंगावर काळ्या रेघांची नक्षी, लांब नळीची तोटी आणि टिचकी मारतांच धातूसारखा नाद, अशीं चाकावर घडविलेलीं हीं भांडीं महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं सांपडलीं व या लहानशा खेड्याचें नांव एका साऱ्या संस्कृतीस मिळालें. तिचा काळ इसवी सनापूर्वीं सुमारें १४०० पासूनचा. घोड नदीकांठच्या इनामगांवांत त्या काळची कुंभाराची भट्टीहि मिळाली आहे. तेथें व नेवाशास, लहान मूल दगावलें कीं दोन घटांचीं तोंडें एकमेकांस भिडवून त्यांत तें ठेवीत आणि घराच्याच जमिनीखालीं पुरीत. हें सांगितल्यावर मंडळींत कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं.

कुंभाराच्या अंगणांत मात्र बोलण्यास उसंत नव्हती. सुगडांचे दिवस! (सुगड म्हणजे सुघट, हें आमच्या पिढीस सांगावें लागत नसे.) घरची बाई तळ्याची चाळलेली माती राख घालून तुडवीत होती, आणि तींत गाढवाची लीद मिसळीत होती. आमच्या एका सूनबाईंनीं नाकाला पदर लावला. ‘‘लीद नसली तर भाजताना मडकं तडकतं, बाई,’’ कुंभारीण हंसून म्हणाली. लिदींतील काड्या आगींत जळून जातात व मडक्याच्या अंगांत सूक्ष्म रंध्रें राहतात. त्यांतून पाणी पाझरतें, वाऱ्यानें उडतें आणि आंतील पाणी गार होतें. एवंच, नैयायिकांनीं ज्याला कारणांतून बाहेर काढलें, त्याला कुंभारणीनें घटाच्या अंगांतच घातलें आहे!

चाक आतां विजेवर फिरतें. खादी व ग्रामोद्योग आयोगानें २०१८ पासून अशीं चाकें कुंभारांना देण्यास आरंभ केला; दंडाचें निमित्तकारणत्व तेथें संपलें. पण मोठें मडकें चाकावर पुरें होत नाहीं, ही गोष्ट आमच्यांतील पुष्कळांस नवी होती. चाकावरून उतरतें तें जाड अंगाचें, आंखूड भांडें. मग आंतून दगडी गोळा धरून बाहेरून लांकडी थापटण्यानें तें ठोकीत ठोकीत वाढवावयाचें. गोरोबाकाकांनीं संतमंडळींच्या डोक्यांवर थापटणें मारून कच्चें कोण, पक्कें कोण हें पाहिलें, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. आम्हांला तें थापटणें सोटा वाटत आलें होतें. प्रत्यक्षांत कुंभाराचा हात इतका हलका, कीं घाव घालण्यापेक्षां तो ऐकत असतो असेंच वाटावें. आवाज बदलला कीं तेथील अंग पातळ झालें. हात पुढें सरकतो.

पुढें आवा लावावयाचा. गोवऱ्या, काटक्या, भुसा, वर खापरांचें पांघरूण. रचतांना अवकाळी पावसाची एक सर आली तर पंधरवड्याचे श्रम पुन्हा चिखल.

सुगडांची किंमत ठरवितांना आमच्या बायकामंडळींनीं पांचांमागें दहा रुपये कमी करावयास लावले. हें आम्हांस आवडलें नाहीं, व तसें बोलूनहि दाखविलें. पितळेचें पातेलें आजीकडून नातीकडे जातें. मातीचें भांडें विटाळलें कीं टाकावें, या आमच्या सोवळ्यावरच कुंभाराचें घर पूर्वीं चालत असे. आतां पाणी शीतकपाटांत गेलें, आणि कुंभाराकडे आपण जातों तें संक्रांतीस, घटस्थापनेस आणि घरांत कोणी गेलें म्हणजे. त्याहि वेळीं घासाघीस!

यजमानांस मुलाविषयीं विचारलें. ‘‘पोट भरतं मास्तर, चाकावर. पण चाकावर बसणाऱ्याला पोरगी कोन देतंय?’’ मुलगा सिन्नरच्या एका कारखान्यांत लागला आहे. थापटण्याचा हात त्याचा बापाहून बरा, असें आईनें आंतून सांगितलें. त्याची सुटी रविवारीं. म्हणून मोठ्या मडक्यांचें काम तीं दोघें आतां त्याच दिवसासाठीं ठेवतात.