अडीच गुंठ्यांचा आधार

घराभोवती परसबाग हवी, पण जागा नाही, अशांनी काय करावे? ब्रिटनमध्ये यावर एक जुनी सोय आहे. स्थानिक संस्था वार्षिक भाड्याने जमिनीचे तुकडे देतात. त्यांना 'अलॉटमेंट' म्हणतात. १९०८ च्या कायद्याने हे त्यांचे कर्तव्यच ठरवले. पूर्ण तुकडा परंपरेने दहा रॉडांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे अडीच गुंठे. पीक मुख्यतः घरच्यांनी खाण्यासाठी.

या सोयीचे मोल २०२० मध्ये कळले. मार्चच्या टाळेबंदीत व्यायामासाठी या मळ्यावर जाण्यास मुभा होती. वसंतात पेरलेले शरदात हाती आले आणि ५ नोव्हेंबरला इंग्लंडमध्ये पुन्हा चार आठवड्यांची टाळेबंदी सुरू झाली. मळे तेव्हाही उघडे राहिले.

शरदाची सुगी घरात कामे घेऊन येते. भोपळे उन्हात ठेवून साल टणक करायची, बटाटे अंधारात पोत्यात, गाजरे ओलसर वाळूत. हिरव्या टोमॅटोंची व्हिनेगर-साखर घालून 'चटणी' करतात. शब्द आपल्याकडूनच गेलेला! पार्सनिपचे कंद मात्र जमिनीतच ठेवतात. थंडीने त्यांतील पिठाची साखर होते.

पाहुण्यांना दार बंद असताना या कामांनी घरातील माणसांच्या दिवसाला आकार दिला. पण ज्यांची नावे प्रतीक्षायादीतच होती, त्यांच्या वाट्याला चार भिंतीच आल्या. शहराचा आराखडा आखताना मातीसाठी जागा राखणे ही चैन नव्हे, हे आपणही लक्षात घ्यावे.