वेगवान हाताची सुट्टी

आपल्या शरीराची सगळ्यांत वेगवान हालचाल कोणती असेल? पळताना पाय हलतात ती? पापणी मिटते ती? खांद्याचं नाव तर कुणी घेणारही नाही! पण बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा खेळाडू, म्हणजे पिचर, पूर्ण ताकदीने चेंडू टाकतो तेव्हा त्याचा दंड खांद्याच्या सांध्यात सेकंदाला सुमारे ७,००० अंश इतक्या वेगाने वळतो. जरा गणित करा बरं. एक गिरकी ३६० अंशांची. हाच वेग सेकंदभर टिकला असता, तर हाताच्या १९ गिरक्या झाल्या असत्या! तो टिकतो मात्र डोळ्यांना दिसणारही नाही इतकाच वेळ. आजवर मोजलेल्या मानवी हालचालींत ही सर्वांत वेगवान हालचालींपैकी एक आहे.

एवढा जोर एकट्या हातात नसतोच. तो पायांतून निघतो, कंबरेतून पाठीत चढतो, खांद्यातून हातात उतरतो आणि वाटेत त्याला कोपर लागतं. खरी परीक्षा त्या कोपराची असते.

तुमचं कोपर दुमडा आणि दुसऱ्या हाताने त्याची अंगाकडची बाजू चाचपून पाहा. हाडाचा एक टणक उंचवटा लागला ना? त्याच्या मागच्या खाचेतून एक मज्जातंतू जातो. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, त्या त्याच्यामुळे. याच उंचवट्यापासून पुढच्या हाताच्या हाडापर्यंत एक चिवट पट्टा असतो. त्याला म्हणतात अस्थिबंध. पुढचा हात बाहेरच्या बाजूला वाकून सांधा उघडू नये म्हणून तो दोन्ही हाडांना धरून ठेवतो.

आता गंमत पाहा. मोठ्या पिचरच्या एका जोरदार चेंडूचा ताण हा पट्टा एकट्याने पेलूच शकत नाही. आजूबाजूचे स्नायू आवळले जातात आणि त्यातला बराच भार उचलतात. पण स्नायू दमले तर? जड कपाट चौघांनी उचललंय आणि तिघांचे हात ढिले पडले, तर चौथ्याचं काय होईल? अगदी तसंच इथे होतं. म्हणून दमलेल्या हाताने टाकलेला चेंडू सर्वांत धोक्याचा.

लहान मुलांच्या कोपरात आणखी एक नाजूक जागा असते. तो उंचवटा मुख्य हाडाला अजून पक्का जुळलेला नसतो. मधे मऊ कूर्चेची एक पट्टी असते आणि हाड वाढतं ते तिथेच. चौदा-पंधरा वर्षांच्या पुढे ती हळूहळू टणक हाड बनते. तोवर पुन्हा पुन्हा ओढ बसली, तर ती दुखावते. अमेरिकेत हे दुखणं इतक्या मुलांना व्हायचं, की मुलांच्या बेसबॉल संघटनेवरून त्याला ‘लिटल लीग एल्बो’ असंच नाव पडलं.

मोठ्यांचा तो पट्टा तुटला तर? १९७४ मध्ये टॉमी जॉन या अमेरिकन पिचरचा तुटला. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हातातला स्नायुबंध काढून तो कोपरात बसवला. तेव्हा हे कुणी केलंच नव्हतं. टॉमी १९७६ मध्ये मैदानावर परतला आणि १९८९ पर्यंत खेळला! आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. पण सावरायला वर्षभर किंवा त्याहूनही जास्त लागतं. त्यापेक्षा हात आधीच जपलेला काय वाईट?

म्हणून अमेरिकेत चेंडू मोजतात. २०१४ मध्ये तिथे वयानुसार एक तक्ता तयार झाला. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त ८५ चेंडू टाकायचे. ६६ किंवा जास्त टाकले, तर पुढचे ४ दिवस पिचिंग बंद. शिवाय वर्षातले निदान ४ महिने हाताला सुट्टी.

हे पाळणं मात्र सोपं नसतं. जपानमध्ये शाळांची बेसबॉल स्पर्धा भरते कोशिएन मैदानावर आणि तिथे खेळणं हे तिथल्या मुलांचं मोठं स्वप्न. २०१९ मध्ये ओफुनातो शाळेचा रोकी सासाकी ताशी १६३ किलोमीटर वेगाने चेंडू टाकत होता. कोशिएनसाठीच्या पात्रता स्पर्धेत २१ जुलैला त्याने एकाच सामन्यात १९४ चेंडू टाकले आणि २४ जुलैच्या उपांत्य सामन्यात १२९. दुसऱ्याच दिवशी अंतिम सामना. जिंकले की थेट कोशिएन! शाळा ३५ वर्षं तिथे पोचली नव्हती. पण प्रशिक्षक योहेई कोकुबो यांनी रोकीला खेळवलंच नाही. संघ १२–२ असा हरला. लोक चिडले, शाळेत तक्रारींचे फोन खणखणले. कोकुबोंचं म्हणणं एकच होतं: या मुलाला दुखापत होता कामा नये.

पुढे रोकी व्यावसायिक संघात गेला. तिथेही पहिलं वर्षभर त्याला अधिकृत सामन्यात उतरवलं नाही. आधी शरीर घडू दिलं. आणि १० एप्रिल २०२२ ला, विसाव्या वर्षी, त्याने ‘परफेक्ट गेम’ टाकला. म्हणजे समोर आलेले सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज बाद, एकही पहिल्या बेसपर्यंत पोचला नाही! त्यातले सलग १३ जण स्ट्राइकआउट (चेंडू मारता न आल्याने बाद), हा जपानी विक्रम. पुढच्याच आठवड्यात आठ डाव असेच निर्दोष गेले होते, १०२ चेंडू झाले होते आणि व्यवस्थापकांनी त्याला बाहेर बोलावलं. दुसरा परफेक्ट गेम हुकला तरी चालेल, हात महत्त्वाचा!

विश्रांती म्हणजे जादू नव्हे. २०२५ मध्ये अमेरिकेत खेळताना रोकीचा खांदा दुखलाच आणि त्याला काही महिने थांबावं लागलं. पण विश्रांतीने धोका कमी होतो, हे नक्की.

आपल्याकडे बेसबॉल कमी, पण वेगवान गोलंदाज गल्लोगल्ली आहेत ना! अति गोलंदाजीने कोवळ्या वयात कंबरेच्या मणक्याला बारीक तडा जाऊ शकतो. सकाळी शाळेचा सामना, दुपारी क्लबचा सराव, संध्याकाळी मैदानावर टेनिस बॉल. तिन्ही ठिकाणचे चेंडू मिळून किती झाले, ते कोण मोजतं? तुम्हीच मोजा. वहीत तारीख लिहा, चेंडू लिहा, कुठे दुखतंय तेही लिहा. आणि हात किंवा पाठ दुखली की त्याच दिवशी सरांना आणि आई-बाबांना सांगा. सामना अगदी अंतिम असला, तरीही.