मुलांचे बूट पारखून घ्या

जून लागला की शिळफाट्यावर पाऊस आणि शाळेच्या बुटांचा खर्च एकदमच येतो. मागल्या वर्षी आमच्या चिरंजीवांनी खो-खो खेळून दोन महिन्यांत बुटाचा तळ उघडला. “उद्या शाळेत जात नाही,” म्हणाला. पोरं हसतात, ही त्याची लाज.

जुलै 2023 मध्ये शासनाने सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना बूट व मोजे देण्याचा निर्णय घेतला. तरतूद विद्यार्थ्यामागे 170 रुपये. धावत्या मुलाचे वर्ष तेवढ्यात निघणे कठीण.

म्हणून पालक बंधू-भगिनींनो, बूट पारखून घ्या. तळ नुसता चिकटवलेला नको, कडेने शिवलेला हवा. वाकवून पाहा, बोटांपाशी वाकावा, मधोमध नव्हे. अंगठ्यापुढे अर्धा इंच जागा ठेवा. चिकटवलेलाच परवडत असेल, तर घालण्याआधीच गटई कामगाराकडून शिवून घ्या. भिजला तर आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवा. चुलीजवळ ठेवल्यास तळ सुटतो.

आणि बूट फाटला म्हणून मूल घरी बसवू नका. चपलेवर पाठवा. गुरुजींशी आपण बोलू.