केस : रक्ताची शिल्लक (लेखांक ७)

केस म्हणजे रक्ताची शिल्लक, अशी चिनी वैद्यकाची जुनी धारणा आहे. अंग पोसून रक्त उरले तर केस दाट; तुटवडा पडला की पहिली काटकसर डोक्यावर होते. या रक्तामागे मूत्रपिंड असते. चिनी वैद्यकातले मूत्रपिंड नुसती लघवी गाळत नाही. जन्मजात सत्त्व साठवणारे, हाडे-दात सांभाळणारे ते कोठार आहे आणि त्याचे तेज केसांत दिसते. ‘ह्वांगदी नेइजिंग’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात बाईचे वय साताच्या आणि पुरुषाचे आठाच्या पाढ्याने मोजले आहे : ३५ व्या वर्षी बाईचे केस गळू लागतात, ४० व्या वर्षी पुरुषाचे. चरकसंहितेत केस अस्थिधातूचा मल म्हणून येतात. एकीकडे शिल्लक, दुसरीकडे मल. हाडांशी नाते दोन्हीकडे.

म्हणून चिनी वैद्य टाळूइतकेच लक्ष जिभेकडे आणि नाडीकडे देतो. बाळंतपणानंतर केस गळतात, जीभ फिकी आहे, चक्कर येते, तर रक्त उणे. टाळू तेलकट आणि खाजरी असेल, तर अंगात दमट उष्णता. कंबर धरते, कानात आवाज येतो, तर मूत्रपिंड थकलेले. टक्कल दिसायला एकच, काढे मात्र तीन.

चाईला तिथे ‘तेलकट वारा’ म्हणतात. लोकांच्या तोंडी ‘भुताने केलेली हजामत’. चट्ट्यावर ‘मनुका-फूल सुई’ने, म्हणजे छोट्या हातोडीला बसवलेल्या पाच-सात सुयांनी, कातडी लाल होईपर्यंत हलके ठोके देतात आणि आले चोळतात. सुश्रुतानेही इंद्रलुप्तात, म्हणजे चाईतच, टाळूला फासण्या मारून गुंजेचा लेप सांगितला आहे. चाईचे चट्टे पुष्कळदा आपोआप भरतात, त्यामुळे यश सुईचे की काळाचे, हे ठरवणे अवघड जाते.

औषधांच्या पेटीत मराठी वाचकाला ओळखीचे चेहरे भेटतात. १६८२ च्या एका चिनी योगसंग्रहात ‘दोन अयनांची गोळी’ आहे. तिच्यातले एक फळ हिवाळी अयनाला तोडायचे आणि एक वनस्पती उन्हाळी अयनाला. ही वनस्पती म्हणजे माका. देठ मोडला की रस काळा पडतो, म्हणून चिनी नावात शाई आहे. आपल्याकडेही केस काळे राखायला माक्याचेच तेल. पावसाळ्यात मुंबईच्या कांजूरमार्गसारख्या खाडीकाठच्या उपनगरात ओलसर कडेला तो तण म्हणून उगवतो. दुसरी ओळखीची मोरपंखी. सोसायटीच्या आवारात शोभेला लावलेल्या, मुले ‘विद्या’ म्हणून वहीत ठेवतात त्याच झाडाची पाने चिनी वैद्य मद्यात भिजवून टाळूला लावतात.

सर्वांत प्रसिद्ध मुळी ‘हो शौ वू’. नावाचा अर्थ ‘हो यांचे काळे डोके’. ती खाऊन कुणा हो नावाच्या म्हाताऱ्याचे केस पुन्हा काळे झाले, अशी थांग राजवटीच्या काळातली कथा आहे. कच्ची मुळी रेचक; काळ्या सोयाबीनच्या रसात शिजवूनच ती बलवर्धक मानतात. पण तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. ब्रिटनच्या औषध नियामकाने २००६ मध्ये आणि चीनच्या नियामकाने २०१४ मध्ये तसा इशारा दिला. पुरुषांचे नेहमीचे टक्कल तर आनुवंशिकता आणि संप्रेरकाच्या जोडीने येते. ते या मुळीने हटते असा भक्कम पुरावा नाही.

काही टकले मात्र रक्ताच्या शिलकीत मुळीच बसत नाहीत. २०२४-२५ च्या हिवाळ्यात बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस काही दिवसांत हातात येऊ लागले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या तपासात रेशनच्या गव्हात सेलेनियम फार जास्त आढळले. चीनने हे आधी पाहिले होते. १९६१ ते १९६४ या काळात हूबेइ प्रांतातील एन्शी भागात केस आणि नखे गळण्याची साथच आली. तिथल्या दगडी कोळशातले सेलेनियम मातीत आणि तिथून पिकात उतरले होते. गाव सोडून अन्न बदलल्यावर लोक बरे झाले.